दिवसभर पानांचा चहा, आणि हिमोग्लोबिन मात्र जागच्या जागी

प्रश्न: ताई, मी गॅलरीत तुळस, पुदिना, गवती चहा, लेमन बाम (लिंबाच्या वासाचं, पुदिन्यासारखं दिसणारं) अशी झाडं लावलीत. साधा चहा सोडला आणि ह्या पानांचा सुरू केला, तब्येतीला चांगला म्हणून. सकाळी सगळी पानं मूठ मूठ घेऊन एकत्र टाकते, अर्धा तास उकळते आणि फ्लास्कमध्ये भरून ठेवते. दिवसभरात चार-पाच मग होतात, जेवणानंतर तर हमखास. पण रात्री छातीत जळजळतं, आणि लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन दहाच्या वर जातच नाहीये. आता सासूबाईंनाही हा चहा हवाय, त्यांना थायरॉइडची आणि रक्त पातळ करायची गोळी आहे. मुलगी चार वर्षांची आहे, तिला दिला तर चालेल का? शेजारणीने एक रोप दिलंय, मोठी खरखरीत पानं आहेत, कॉम्फ्री म्हणाली, हाडांना चांगलं असतं म्हणे, ते टाकू का? आणि पानं वाळवायला ठेवली की काळी पडतात, माझं काय चुकतंय?

उत्तर: तू मला ताई म्हटलंस तर मी सरळ अगंतुगंच करते, चालेल ना? तुझ्या प्रश्नांचा क्रम मी जरा बदलणार आहे कारण शेवटी शेवटी लिहिलेलं ते शेजारणीचं रोप मला सगळ्यात आधी घ्यायचंय.

ते टाकू नकोस. अर्धं पानसुद्धा नको. कॉम्फ्रीमध्ये पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात, ती यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करत जातात आणि हे आतल्या आत होत असतं, पिणाऱ्याला सुरुवातीला काही कळतही नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००१ मध्येच कंपन्यांना सांगितलं होतं की पोटात घ्यायच्या सप्लिमेंटमधून कॉम्फ्री काढून टाका. हाडांचं म्हणशील तर पूर्वीपासून लोक त्याचा लेप बाहेरून लावत आले, तिथून ते "हाडांना चांगलं" पडलं असणार, पण बाहेरून लावणं आणि रोज प्यायला घेणं ह्यात फार मोठा फरक आहे. दुसरी भीती अशी की फुलं यायच्या आधी फॉक्सग्लोव्ह नावाच्या विषारी झाडाची पानं ह्याच्यासारखीच दिसतात, तशीच मोठी, लव असलेली, आणि फॉक्सग्लोव्हमध्ये हृदयाचे ठोके बिघडवणारं डिजिटॅलिस असतं. कॉम्फ्री समजून त्याचा चहा केला आणि थेट हॉस्पिटलात जावं लागलं असं खरोखर झालंय, एकदा नाही, अनेकदा. म्हणून जे पान तुला स्वतःला शंभर टक्के ओळखता येत नाही ते कपात जाणार नाही, कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी. शेजारणीलाही सांग हे, ती स्वतः पीत असेल तर आजच सांग. आणि शोभेची म्हणून विकत आणलेल्या रोपांवर पुष्कळदा फवारणी झालेली असते त्यामुळे तीही नकोत, खाण्यासाठी म्हणून वाढवलेलीच घे, रस्त्याकडेची तर नकोच नको.

आता हिमोग्लोबिन. मला वाटतं तुझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, "जेवणानंतर तर हमखास" ह्या शब्दांत. साध्या चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण पानांच्या चहाला सगळे सूट देतात, आणि ती सूट चुकीची आहे. त्यातही पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं असतात, आतड्यात ती लोहाला चिकटतात आणि मग ते लोह शोषलं न जाता तसंच बाहेर पडतं. १९९९ साली एक अभ्यास छापून आला होता, लोकांना ब्रेडसोबत वेगवेगळी पेयं देऊन किती लोह शोषलं जातं ते मोजलं होतं. नुसत्या पाण्याच्या तुलनेत पुदिन्याच्या चहाने लोहाचं शोषण ८४ टक्क्यांनी कमी झालं, कॅमोमाईल ह्या फुलांच्या चहाने ४७ टक्क्यांनी. पुदिना जवळजवळ काळ्या चहाच्याच पंगतीला जाऊन बसला बघ! म्हणजे तू साधा चहा सोडलास खरा, पण लोहाच्या बाबतीत होतीस तिथेच राहिलीस, उलट चहाचे मग वाढले.

ह्यावर उपाय मात्र सोपा आहे, चहा सोडायची गरज नाही, फक्त वेळ बदल. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर निदान दीड-दोन तास कुठलाच चहा नको, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास तर अजिबात नको. गोळी पाण्यासोबत घे, लिंबूपाण्यासोबत घेतलीस तर आणखी चांगलं कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. आणि एक, कृपा करून असं समजू नकोस की हिमोग्लोबिन फक्त चहामुळेच अडलंय. पाळीत जास्त जात असेल, आतड्याचा काही त्रास असेल, बी-१२ कमी असेल, कारणं बरीच असतात, तेव्हा डॉक्टरांना चहाचंही सांग आणि बाकीचंही नीट तपासून घे. जाता जाता, पालेभाजीत लोह असतं मग त्या पानांचा चहा पिऊन लोह मिळेल असंही खूप जणींना वाटतं, शेवग्याच्या पानांबद्दल तर सारखं ऐकते मी. तसं होत नाही गं. पानातलं बरंचसं लोह चोथ्यातच राहतं, आणि अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन तर पाण्यात विरघळतच नाही. शेवग्याचं पान खा, पोटात जाऊ दे, चहा प्यायचाच असेल तर चवीसाठी पी.

छातीतल्या जळजळीचा संशय मला पुदिन्यावर आहे. पुदिन्यातल्या मेन्थॉलने पोटा-आतड्यांचे आपोआप हलणारे स्नायू सैल पडतात, म्हणूनच पोटात मुरडा आला, गॅस धरला की त्याने बरं वाटतं, पण अन्ननलिका जिथे पोटाला जोडते तिथला झडपेसारखा स्नायूही त्याच हिशोबात सैल पडतो आणि आम्ल वर येतं. जेवण झालेलं, पोट भरलेलं, वरून पुदिन्याचा मोठा मग आणि मग आडवं व्हायचं, मग जळजळणार नाही तर काय होणार. दोन-तीन आठवडे पुदिना पूर्ण बंद ठेवून बघ. जळजळ थांबली तर कळलं, नाही थांबली तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. पण तू सगळंच एका पातेल्यात टाकतेस ना, तर आत्ता तुला कळणार तरी कसं की कोणतं पान सोसत नाहीये?

म्हणूनच माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे की एका वेळी एकाच प्रकारचं पान. फार तर दोन. पाच-सहा पानं एकत्र टाकली की फायदे पाचपट होतात असं काही नसतं, चव गढूळ होते, अंगावर पुरळ आलं किंवा पोट बिघडलं तर चोर सापडत नाही, आणि प्रत्येक पान स्वतः काय करतं हे तुला कधी कळतच नाही. नवीन पान असेल तर पहिल्या दिवशी अर्धा कप, मग दोन-तीन दिवस बघ, मग पुढे जा. दिवसाला एक-दोन कप पुष्कळ झाले. बाकी तहान लागली तर पाणी आहेच.

करायची पद्धतही बदलावी लागेल. अर्धा तास उकळणं हे मुळांसाठी, सालींसाठी, ज्यांच्यातून काही बाहेर यायला वेळ लागतो त्यांच्यासाठी. कोवळं पान अर्धा तास उकळलं की त्याचा वास, म्हणजे ज्या उडून जाणाऱ्या तेलासाठी आपण ते लावलं ते तेल, सगळं वाफेबरोबर घरभर पसरतं आणि खाली उरतं तुरट कडवट पाणी. घरभर मस्त वास सुटला ना, तर समज की कपातलं गेलं. कपभर पाण्याला, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिली धर, वाळलेलं पान असेल तर एक चहाचा चमचा, ताजं असेल तर त्याच्या तिप्पट. ताजी पानं हाताने जराशी चुरगळायची, गवती चहा कात्रीने आडवा बारीक कापायचा म्हणजे त्याच्या रेषांमधलं तेल सुटतं. पाण्याला खळखळून उकळी आणून गॅस बंद करायचा, पानं टाकायची आणि लगेच झाकण. हे झाकण विसरायचं नाही! पुदिना, लेमन बाम पाच मिनिटं, तुळस पाच-सात, गवती चहा जरा चिवट असतो तर त्याला दहा मिनिटं दे, हवं तर झाकण ठेवूनच मंद आचेवर दोन मिनिटं ठेव. मग झाकण उचललं की आतल्या बाजूला थेंब साचलेले दिसतील, ते झटकून टाकू नकोस, परत कपातच पडू दे, वास त्या थेंबांतच असतो. गाळलं की झालं. पानं तशीच पाण्यात तासन्‌तास ठेवली तर तुरटपणा वाढत जातो.

आणि फ्लास्क नको. दोन कारणं. एक म्हणजे चव जाते, ते सोड. दुसरं म्हणजे तो चहा तासन्‌तास अर्धवट कोमट राहतो आणि सारखं उघडझाप करून त्यात काय काय जात असतं, जंतूंना असं कोमट पाणी आवडतं. ह्याच कारणासाठी बरणीत पाणी आणि पानं घालून उन्हात ठेवायची पद्धत मला पटत नाही, ऊन पाणी कोमट करतं, उकळत नाही. पानांवर मातीतले जंतू असू शकतात, त्यांना उकळतं पाणीच हवं. थंड प्यायचा असेल तर आधी गरम पाण्यात नीट कर, गार होऊ दे, फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपव. उलट टोकही नको, चटके बसेल इतका कढत पिऊ नकोस, ६५ अंशांच्या वर तापलेली पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बहुधा वाढवतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय, मग ते पेय कोणतंही असो. चार-पाच मिनिटं थांबायचं, बस.

मग ह्या चहाचा उपयोग तरी काय, असं तुला वाटत असेल आता. आहे की, खूप आहे. तू साखरेचा दुधाचा चहा सोडून हा पितेस तर साखर कमी झाली, संध्याकाळी कॅफिन पोटात गेलं नाही तर झोप बरी लागते, दिवसभरात पाणी जास्त जातं. सर्दीत तर नुसत्या गरमपणाचाच गुण येतो, कार्डिफ विद्यापीठातल्या २००८ च्या एका प्रयोगात एकच फळांचं सरबत काहींना गरम आणि काहींना साध्या तापमानाला दिलं, तर गरमवाल्यांना घसा, थंडी वाजणं, थकवा ह्यातही लगेच आराम वाटला, गारवाल्यांना ह्या तीन गोष्टींत फरक पडला नाही. तुळस-गवती चहाचा कप हातात धरून प्यायला की बरं वाटतं ते खोटं नसतं. पुदिन्याने नाक मोकळं झालं असं वाटतं, प्रत्यक्षात सूज तेवढीच असते, मेन्थॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना जागं करतं म्हणून श्वास मोकळा वाटतो, पण वाटतं ना, रात्री झोप लागायला तेवढंही पुरतं. लेमन बामने मन जरा शांत होतं, तो झोपायच्या तासभर आधी घे. पण "शरीरातली घाण बाहेर काढतो" असं कोणी म्हणालं तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतायत, चहाने ते होत नाही. वजन कमी करणाऱ्या चहाच्या पुड्या मिळतात त्यांच्यावर काय काय लिहिलंय ते नीट वाच, बऱ्याच वेळा त्यात सोनामुखीची पानं असतात, ते रेचक आहे. वजन उतरतं ते जुलाबातून गेलेल्या पाण्याचं, आणि फार दिवस घेत राहिलं तर आतड्याला त्याची सवय लागू शकते.

सासूबाईंचं मात्र मी तुला "हो देऊन टाक" असं सांगणार नाही. पान म्हणजे निर्धोक असं नसतं गं. अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसिनवरूनच खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन तयार झालं, म्हणजे पानात औषध असतं हे खरंच आहे, आणि औषध असतं म्हणूनच ते दुसऱ्या औषधाशी भांडूही शकतं. त्यांची रक्त पातळ करायची गोळी वॉरफरिन आहे का ते आधी बघ. २००६ मध्ये एक केस छापून आली होती, वॉरफरिन चालू असलेल्या ७० वर्षांच्या एका बाईंनी घसा दुखतोय म्हणून कॅमोमाईलचा चहा घेतला, पायाला त्याचंच लोशन लावलं, आणि त्यांना आतल्या आत रक्तस्राव झाला. कॅमोमाईल म्हणजे किती साधं वाटतं ना? तुळशीनेही रक्त गोठायला वेळ लागू शकतो. तेव्हा डॉक्टरांना पानाचं नाव सांगून विचारायचं, "हर्बल टी चालेल का" असं मोघम नाही, "रोज एक कप गवती चहा चालेल का" असं. आणि चालेल म्हणाले तर रोज सारखाच ठेवायचा, एक दिवस शून्य आणि एक दिवस चार कप असं करायचं नाही, म्हणजे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी, करताना काही बदललं तर कळेल. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी फक्त साध्या पाण्यासोबत, त्यानंतर अर्धा ते एक तास काहीच नाही, चहा त्याच्यानंतर. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला सांगायचं. आणि हे वाचणाऱ्या कोणी गरोदर असतील किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करत असतील तर त्यांनी तुळस, अडुळसा, सेज असली पानं रोज प्यायला घेऊच नयेत, स्वयंपाकात चार पानं पडली तर ती गोष्ट वेगळी. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पेरूच्या पानांचा किंवा जास्वंदीच्या प्रकारातल्या लाल चहाचा नेम धरू नये, साखर आणि बीपी थोडं थोडं खरंच उतरतं, गोळी आणि चहा दोन्ही मिळून जास्त उतरेल. गुळवेलीचंही विचारतात बायका मला, तू विचारलं नाहीस पण सांगते, तो रोज घेत राहिलेल्या काही जणांना यकृताला इजा झाल्याच्या केसेस २०२१ मध्ये छापून आल्यात, तेव्हा महिनोन्‌महिने नकोच.

लेकीला कधीतरी, पातळ केलेला, कोमट, छोटा अर्धा कप, गवती चहा चालेल. रोज सवय म्हणून नको, तिलाही लोह लागतंच की. पुदिन्याचा तेलासारखा कडक अर्क तिच्या नाकातोंडाजवळ नेऊ नकोस. मध घातलास तरी हरकत नाही, ती वर्षाच्या वरची आहे, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, चाटणसुद्धा, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर पोट दुखतंय म्हणून कुठल्याच पानाचं पाणी द्यायचं नाही.

आता पानं काळी पडण्याचं. मला वाटतं तू धुऊन ओली असतानाच ताटात ढीग करून ठेवत असशील. पान चेपलं, चुरगळलं किंवा हळूहळू वाळलं की त्याच्या पेशी फुटतात आणि आतली द्रव्यं हवेशी मिळून तपकिरी-काळी होतात, सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तसंच. तुळस आणि पुदिना ह्यात पाणी जास्त, त्यामुळे ते सगळ्यात आधी काळे पडतात. सकाळी दव सुकलं की लगेच तोड, उन्हं चढायच्या आत, आणि फुलं यायच्या आधी, कारण तेव्हा पानात वास सगळ्यात जास्त असतो. धुवायची असतील तर धू पण मग सुती कपड्यावर पसरून हलकेच टिपून घे, पानाच्या देठाशी आणि लवेत जे पाणी अडकतं ना तेच काळं करतं. मग जाळीवर किंवा कागदावर एकेक पान सुटं, एकावर एक नाही, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. उन्हात नको, रंगही उडतो आणि वासही. ओव्हन वापरणार असशील तर चाळीस अंशांच्या वर नेऊ नकोस, दार किंचित उघडं. हवा दमट असेल आणि दोन-तीन दिवसांत वाळत नसतील तर तेव्हा वाळवायचा हट्टच करू नकोस, ताजीच वापर किंवा बारीक चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी घालून गोठव.

वाळलं का ते बोटांनी बघायचं. पान चुरलं की कुरकुर वाजलं पाहिजे आणि देठ वाकायच्या ऐवजी कट्‌कन तुटलं पाहिजे, देठ वाकतंय म्हणजे आत ओल आहे. मग अख्खीच पानं काचेच्या बरणीत भर, चुरा आत्ता नको, कप करायच्या वेळी चुर. पहिला आठवडा रोज बरणीकडे बघ, काचेवर आतून धुकं धरलं तर लगेच सगळं बाहेर काढून परत वाळव. बुरशीचा वास आला किंवा पांढरट जाळी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू असं करायचं नाही, सगळी बरणी फेकायची. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेव, गॅसच्या वर नको, आणि त्यावर पानाचं नाव आणि तारीख लिहून चिकटव, वाळल्यावर लेमन बाम आणि पुदिना एकसारखेच दिसतात आणि पुदिना तर तुला काही दिवस टाळायचाच आहे. वर्षभर टिकतात, त्यानंतर वास घेऊन बघ, वास नसेल तर कुंडीत टाक.